स्टब ओळखणारी

माझी बदली अडली ती स्टबपायी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आम्ही ठिगळं लावतो. पॅच म्हणतात त्यांना. कर्नलमधल्या काही फाइली माणसांनी लिहिलेल्या असतात आणि स्टब नावाच्या काही फाइली यंत्र दर बिल्डला, म्हणजे सगळा कोड नव्याने जुळवताना, स्वतःच लिहितं. चुकून स्टबला पॅच लावला, तर पुढच्या बिल्डमध्ये तो पुसला जातो, सुरक्षेतलं भोक तसंच राहतं आणि आमची मंडळी निर्धास्त झोपतात. माणूस लिहिताना कंटाळतो, वैतागतो, ते कोडमध्ये दिसतं; यंत्र कंटाळत नाही. एवढी साधी गोष्ट, पण टीममध्ये माझ्याशिवाय कोणाला दिसेल तर शपथ.

बदली पुण्याला हवी होती. नवरा निखिल आणि आमची लेक शाल्मली तिकडे सासूबाईंजवळ, मी इथे हैदराबादला हिमायतनगरात पेइंग गेस्ट. शाल्मली हल्ली फोनवर येत नाही. फार लागतं मला ते.

“हौ, जा की,” आमचे टीमप्रमुख प्रशांत सर म्हणाले. घराणं जुनं हैदराबादी, मराठीही तशीच. “मी कुठं नक्को म्हणतो? पण स्टब ओळखणारं कुणीतरी तयार करून जा.”

टीममधल्या रोहनला शिकवून शिकवून माझं तोंड दुखलं. त्याने परत स्टबलाच पॅच लावला. शेवटी चिडून मी एक प्रोग्राम लिहिला. तो एकेक फाइल उडवतो आणि बिल्ड करतो. फाइल आपोआप परत आली तर ती यंत्राची. तिला पॅच लावू देत नाही. रोहनची चूक त्याने लगेच पकडली. मी खुशीत सिकंदराबादहून सुटणारी गाडी बघितली आणि रविवारी सामानासकट येते, असं निखिलला कळवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सर हसतच आले. “लई भारी केलंस, योगिनी. क्लायंटला साऱ्या सिस्टिमला हेच पायजे.”

“आणि माझी बदली?”

“आता कशी सोडू तुला? रोहनला सांभाळता येतंय का हे? लिहिणारीच पायजे की इथं. प्रमोशन बी देतो.”

संताप संताप झाला. पण काढणार कोणावर? प्रोग्राम माझाच होता.

निखिलला फोन लावला. त्याने उचलला, तेवढ्यात मागून शाल्मलीचा आवाज आला. “आईचा फोन आहे ना? आजी, तिच्यासाठी रिकामा केलेला कप्पा मी परत घेते.”

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.