फडताळावरचा चिकटा

बोरीला परत आल्यावर नर्मदाबाईनं पदर खोचला तो थेट स्वयंपाकघरातच. जेठात रझाकारांच्या धास्तीनं गाव सोडलं होतं. चार महिने वऱ्हाडात मावसबहिणीच्या ओसरीवर काढले. निजामाचं राज्य गेल्यावर लोक परतू लागले, तशी तीही नवरा किशनराव आणि लेकरांसह परतली. मागं घर सांभाळायला थोरली जाऊ कमलबाई राहिली होती. बिचारी विधवा, तिची एकुलती एक पोर सुमन पावसाळ्यात तापानं गेल्याचं तिकडंच कळलं होतं. आल्या आल्या नर्मदाबाई जावेच्या गळ्यात पडून रडली. डोळे पुसून चुलीपाशी गेली, तर तिथलं रूपच पालटलेलं.

वडिलांनी लग्नात वालूरच्या सुताराकडून करून दिलेलं सागवानी फडताळ काळंकुट्ट झालं होतं. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांचा धूर आणि फोडणीचं तेल मिळून बोट रुतेल एवढा चिकटा चढलेला. आतली तांब्यापितळेची भांडी तर दिसतच नव्हती. कमलबाई म्हणाली, तुमी गेल्यावर आखाडातच घरात माणसं शिरली, समदं घेऊन गेली. जीव वाचले हे काय थोडं झालं, असं म्हणून किशनरावांनी विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाईनं कडक पाणी तापवून त्यात पापडखार टाकला. त्यात बुडवलेलं फडकं फळीवर अंथरायचं, थर सैल पडला की चाळलेली राख काथ्यावर घेऊन लाकडाच्या रेषेरेषेनं घासायचं. बोटांच्या पेरांची आग व्हायला लागली. जावेला कधी साधं फडकं फिरवावंसं वाटलं नाही का, असं पुटपुटत ती खालच्या फळीशी आली आणि तिचा हात थांबला.

या फळीवर सगळीकडे काजळी होती, पण मधेमधे पातळशा काजळीखाली पिवळसर लाकडाचे गोल उमटले होते. एक घागरीच्या बुडाएवढा, एक परातीएवढा, बाकीचे तांब्या-वाट्यांचे. तिला उमगायला वेळ लागला नाही. पावसाळाभर धूर बसत होता तेव्हा भांडी इथंच होती. आखाडात गेली असती, तर त्या जागीही तेवढीच काजळी चढली असती.

तिनं हाक मारली. कमलबाई डाळ निवडायची सोडून आली.

"बाई, भांडी आखाडात गेली म्हणता. मग हे काय हाय?"

कमलबाईनं फळीकडं पाहिलं. नाकबूल गेली नाही.

"पोळ्याच्या टायमाला मीच दिली," ती म्हणाली. "सुमी तापात बरळायली होती. जिंतूरच्या दवाखान्यात न्यायला कुणी गाडी जुंपायला तयार न्हाई. एकजण झाला, तर त्यानं घागर, परात, समदंच मागितलं. दिलं. पोर वाटेतच गेली."

मग खोटं कशाला सांगितलं, असं नर्मदाबाईनं विचारलं.

"खरं सांगितलं असतं, तर तू आदी भांड्यांचंच विचारलं असतं." कमलबाईचा आवाज चढला नाही. "तुमच्या गाडीत पिठाच्या डब्याला जागा झाली, नर्मदे. सुमीला तेवढी न्या म्हणले, तर बैलं दमतील म्हणलीस."

नर्मदाबाईला ते आठवत होतं. घाईत बोलून गेले, चुकलंच माझं, असं म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं. निघालं भलतंच.

"घागर माझ्या बापानं दिलेली होती."

कमलबाई पुन्हा डाळीशी जाऊन बसली. दोन दिवसांनी तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि पोखर्णीला भावाकडं निघाली. किशनराव वेशीपर्यंत विनवत गेले. ती वळली नाही.

फडताळ स्वच्छ निघालं. वरून जवसाच्या तेलाचा हात फिरवल्यावर नव्यासारखं दिसायला लागलं. दिवाळीला आलेल्या बायांनी कौतुक केलं, एवढा चिकटा कसा काढला म्हणून विचारलं. नर्मदाबाईनं पापडखार, राख सगळं नीट समजावून सांगितलं. जाऊ कुठं गेली, हे मात्र एकीनंही विचारलं नाही. गावाला ठाऊक होतं.