पाठीतल्या इंजेक्शनची वेळ

सासूबाई पुन्हा खोलीबाहेर गेल्या आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इथे सून कळांनी अर्धमेली झालेली आणि यांना बाहेर कसलं एवढं काम? दाराच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. नर्सला कोपऱ्यात गाठून हातवारे चालले होते.

सकाळी भरती होतानाच मी सांगितलं होतं, मला कळा सोसून कुणाला दाखवायच्या नाहीत, पाठीतलं इंजेक्शन हवं. नर्स हो म्हणाली. त्यानंतर जेव्हा विचारावं तेव्हा 'अजून वेळ आहे'. फार उशीर झाला की ते देता येत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. शेवटी मी तिचं मनगटच धरलं, तेव्हा ती पुटपुटली, "तुमच्या घरच्यांनीच थांबायला सांगितलंय."

घरच्यांनी म्हणजे कुणी, हे विचारायला कशाला हवं? नवरा परगावाहून यायला निघालेला, आणि त्याला सुईचं नाव काढलं तरी घाम फुटतो. उरल्या सासूबाई. आपली बाळंतपणं हूं की चूं न करता झाली, हे त्या लग्नापासून ऐकवत आलेल्या. सुनेनं सुटका मागायची म्हणजे काय! कळ उतरायची, पण माझा संताप काही उतरत नव्हता.

आई माझी कंबर चोळत होती. मला तिचा तेवढाच आधार. लवकर घेतलं तर कळा थंडावतात, थोडं सोस, असं ती समजावत होती. तिची स्वतःची कंबर माझ्या जन्मापासून धरलेली. वाकताना अजून भिंतीला हात लावते. मी म्हटलं, आई, ही बाई मुद्दाम करतेय. ती नुसती चोळत राहिली.

दार उघडलं. सासूबाई आत आल्या आणि त्यांच्यामागून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई, अर्धं जेवण टाकून आल्यासारख्या ओठ पुसत.

"कधीपासून मागताय?"

"सकाळपासून," माझ्याआधी सासूबाईच म्हणाल्या.

"मग मला आत्ता का कळतंय? बाईनं मागितलं की वेळ झाली. आणखी उशीर झाला असता तर जमलंही नसतं."

नर्सनं मान खाली घातली आणि हळूच आईकडे पाहिलं. आईचा हात माझ्या कमरेवर थांबला.

"तुझ्या वेळी मला दिलं होतं ते," आई म्हणाली. "तेव्हापासून माझी कंबर गेली. तुझी तरी राहावी म्हणून..."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कायमची कंबर या सुईनं जात नाही. आईला ते पटलेलं दिसलं नाही. मला पलंगाच्या कडेला बसवलं. पाठ गोल करा, हलू नका, कुणाला तरी घट्ट धरा.

आईनं दोन्ही हात पुढे केले. मी सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"मी सोसलंय ना," त्या कानाशी म्हणाल्या. "म्हणूनच तर धावत होते."

सुई टोचली. मी हलले नाही. त्यांच्या खांद्याआडून मला आईचे हात दिसत होते, अजून तसेच पुढे केलेले.