काचेवरचं पिल्लू

मनिलाजवळच्या नवोतासच्या मासळी धक्क्यावर लिलाव उरकला की बायका उलट्या टोपल्यांवर बसून कोळंबी निवडतात, आणि त्यांच्यातली एक जण मोबाईलवरची कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवते. हा मान बेबांगचा. बेबांगचा आवाज असा, की तिनं कानात काही सांगितलं तरी ते समोरच्या होडीत ऐकू जावं. पूर्वी या वेळात रेडिओवरची नाटकं लागायची. आता पोरीबाळी फोनवर कादंबऱ्या लिहितात, रोज थोडी थोडी, आणि त्यांच्याखाली वाचणाऱ्यांच्या शेकड्यांनी प्रतिक्रिया येतात. बेबांग त्या प्रतिक्रियाही वाचायची, शिव्या गाळायची नाही.

फेलिसा तिथंच बसून कोळंबी निवडायची, पण तिचं लक्ष नसायचं. प्रेमाच्या गोष्टींत तिला गोडी उरली नव्हती. मुलगा गेल्यापासून कशातच उरली नव्हती म्हणा ना. पण एका सकाळी बेबांगनं वाचलं, "गॅब्रियलनं भातावर गरम कॉफी ओतली, वरून चिमूटभर मीठ टाकलं, सुकटीचं शेपूट दोन बोटांत धरलं आणि म्हणाला, आई, राजे लोक हेच खातात." आणि फेलिसाचे हात कोळंबीतच थांबले.

भातावर कॉफी ओतून खाणारी पोरं गल्लीत पैशाला पासरी होती. ज्या दिवशी कालवण नसतं, त्या दिवशी दुसरं करणार काय? पण वर मीठ टाकून, शेपूट उंच धरून, राजे लोकांचं नाव घेऊन खाणारा एकच होता. तिचा वेंडेल.

"कोण लिहितं गं हे?" तिनं विचारलं.

"उदास चांदणी."

"हे काय नाव झालं? खरं नाव?"

"खरं नाव टाकून कोण लिहितं? पण बया, काय रडवते!" बेबांग नाक ओढत म्हणाली. "तुला कधीपासून प्रेम सुचायला लागलं, फेलिसा?"

बायका हसल्या. फेलिसानं मान खाली घातली. उदास चांदणी कोण, हे तिला कळून चुकलं होतं. तिच्या घरात जेवायला बसून वेंडेलचं ते राजेपण पाहिलेली घराबाहेरची एकच मुलगी होती: शेजारची क्रिझेल. ही पोर वेंडेलवर जीव टाकत होती आणि वेंडेलला त्याचा पत्ताही नव्हता. फेलिसाला मात्र होता. आयांना असतो.

त्या दिवशी काही तिनं क्रिझेलचं दार ठोठावलं नाही, नंतरही कित्येक दिवस नाही. मेलेलं पोर रोज सकाळी भेटायला लागलं, तर कुठली आई त्याला विचारत बसेल की तू आलास कसा? ती बेबांगच्या शेजारची टोपली पकडायला लवकर जाऊ लागली. फोनमध्ये वेंडेलनं छपराचा पत्रा ठोकला. बहिणीची वेणी घातली, वाकडी. एका मुलीला पावसात छत्री दिली आणि स्वतः भिजून तापानं फणफणला. तेव्हा फेलिसानं घरी जाऊन आल्याचं पाणी उकळलं आणि मग ते कोणासाठी, हे आठवून स्वतःच प्यायली. हे वेड आहे हे तिला कळत होतं. पण या वेडात चार वर्षांनी पहिल्यांदा तिला झोप लागत होती.

मग एक दिवस बेबांगनं लेखिकेची सूचना वाचली. कादंबरी संपत आली होती. मनिलातला एक प्रकाशक तिचं पुस्तक काढणार होता. खाली प्रतिक्रियांचा नुसता खच. 'गॅब्रियल मरणार, लिहून घ्या.' 'ताई, त्याला मारलंत तर तुम्हाला माझा तळतळाट लागेल.' 'वस्तीतला पोरगा आणि शेवट गोड? कुठल्या जगात राहता?'

"मरणारच तो," कोळंबीची सालं झटकत बेबांग म्हणाली. "इतकं चांगलं पोर आपल्याकडं टिकतं का?"

मग मात्र फेलिसा तशीच उठली. हाताचा वासही धुतला नाही.

क्रिझेल रात्रपाळी करून आलेली होती. दिवसा झोपायचं आणि रात्रभर परदेशातल्या लोकांची फोनवर बोलणी खायची, ही तिची नोकरी. दार उघडलं तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते. वडीलधारं माणूस दिसल्यावर करायचं तसं तिनं फेलिसाचा हात घेऊन कपाळाला लावला आणि मग त्या माशाच्या वासाच्या हाताकडं पाहतच राहिली.

"मिठावरून ओळखलं," फेलिसा म्हणाली.

क्रिझेल मटकन खाली बसली. "रागावलात, मावशी?"

"रागावले असते तर पहिल्याच दिवशी आले असते. शेवटाचं काय ठरवलंयस, ते सांग."

क्रिझेलनं विस्कटलेले केस मागं सारले. मग हळूहळू बोलली. प्रकाशकाकडच्या बाईंना तिची कादंबरी आवडली होती, पण त्यांचं म्हणणं, नुसत्या प्रेमकथा आता पोत्यानं येतात. वस्तीतल्या खऱ्या मरणाच्या गोष्टींना हल्ली मागणी आहे. हा एक नवा साहित्यप्रकारच झाला आहे, त्याला नावही दिलंय, परिषदांतून त्यावर बोलतात.

"आमच्याकडं त्याला मयत म्हणतात," फेलिसा म्हणाली.

"त्या म्हणाल्या म्हणून नाही हो, मावशी!" क्रिझेलचा आवाज चिरका झाला. "मला स्वतःलाच लिहायचंय. मोटारसायकलवरून दोघं आले आणि गोळ्या झाडून गेले ते. तो जेवत होता ते. मरणाच्या कागदावर फुफ्फुसाचा आजार लिहून घेतला ते. आणि पिल्लू... ते पिल्लू मला विसरता येत नाही."

फेलिसाला तरी कुठं येत होतं!

चार वर्षांपूर्वी वेंडेलची शवपेटी गल्लीत ताडपत्रीखाली ठेवली होती. रिवाजाप्रमाणे शेजारी पत्ते खेळत मयताजवळ जागत होते. प्रेत लवकर ताब्यात हवं असेल तर मरणाच्या कागदावर गोळ्यांऐवजी आजार लिहा, असा सल्ला मिळाला होता आणि फेलिसानं तो ऐकला होता. अशात क्रिझेल ओंजळीत कोंबडीचं एक पिवळं पिल्लू घेऊन आली. पेटीच्या काचेवर, बरोबर वेंडेलच्या चेहऱ्यावर, तिनं ते ठेवलं आणि तांदूळ टाकले. पिल्लू टकटक दाणे टिपायला लागलं आणि पत्ते थांबले. पेटीवर पिल्लू ठेवलं याचा अर्थ गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल: हा मेला नाही, याला मारलंय. आणि पिल्लाची प्रत्येक चोच खुन्याच्या काळजावर पडते, त्याला झोपू देत नाही.

ताडपत्रीच्या कडेला दोन अनोळखी माणसं कॉफी पीत बसली होती. त्यांतला एक उठला. त्यानं पिल्लाकडं पाहिलं. मग बिस्किटांचं ताट फिरवणाऱ्या लायकाकडं पाहिलं. लायका म्हणजे फेलिसाची धाकटी, तेव्हा बारा वर्षांची. वेंडेलला मारलं त्या संध्याकाळी ती भावाच्या शेजारीच जेवत होती, आणि मारेकऱ्यांतल्या एकाच्या तोंडावरचा फडका सरकलेला तिनं पाहिला होता.

"मुलगी हुशार दिसते हो तुमची," तो माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला होता. "कुठल्या शाळेत जाते?"

फेलिसानं पिल्लू उचललं होतं. झग्याच्या खिशात कोंबलं होतं. "पोरींचा पोरखेळ, साहेब. त्याला फुफ्फुसाचा आजार होता. लहानपणापासून." स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या पोराच्या पेटीशी उभं राहून ती हे म्हणाली होती. दफन उरकल्याबरोबर तिनं लायकाला दूर इलोइलोला आपल्या बहिणीकडं धाडलं, ती आजतागायत तिथंच होती.

"पोरी," आता ती क्रिझेलला म्हणाली, "एकदा मेला ना तो? पुरे नाही झालं? तुझ्या हातात आहे. माझ्या हातात नव्हतं. राहू दे ना जिवंत."

"मग खरं कोण सांगणार, मावशी?"

"खरं सांगून कोणाचा कोण परत आलाय? बोटीवर पाठव त्याला. खलाशी कर. गल्लीतली निम्मी पोरं जातात, तो का नाही जाणार? त्याला फार वाटायचं जावंसं."

"मला नाही जमणार. खोटं होईल ते."

यावर फेलिसानं जे केलं, ते त्या गल्लीत कोणी केलेलं नव्हतं. तिनं त्या पोरीचा हात घेतला, वाकली, आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला. क्रिझेल किंचाळलीच. "मावशी, काय करताय! पाप लावता का मला?" हात सोडवून घ्यायला लागली. फेलिसानं सोडला नाही. शेवटी दोघीही रडत बसल्या आणि क्रिझेल म्हणाली, "बरं. बरं. नाही मारत."

पुस्तकाचं मग बारगळलं. प्रकाशकाच्या बाईंनी कळवलं की असा शेवट सध्या त्यांच्या मालिकेत बसत नाही. क्रिझेलनं हे कोणाला सांगितलं नाही. गल्लीला ते आपसूक कळलं, जसं सगळंच कळतं.

शेवटचा भाग आला त्या सकाळी धक्क्यावर शेजारच्या रांगेतल्या बायकाही गोळा झाल्या. बेबांगनं घसा खाकरला. संध्याकाळ झाली, गॅब्रियल जेवायला बसला, भातावर कॉफी ओतली. गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलचा आवाज आला. बायकांनी श्वास धरला. एकीनं छातीवर क्रूस केला.

"आवाज जवळ आला," बेबांग वाचत होती, "दाराशी आला, आणि पुढे निघून गेला."

"देवा रे!" सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणी हसलं, कोणी टाळ्या पिटल्या. पुढं बंदर होतं, पांढरी बोट होती, आई रुमाल हलवत होती. प्रतिक्रियांत नुसती बदामांची बरसात. 'मी आज निवांत झोपणार,' असं कोणीतरी लिहिलं होतं आणि बेबांगनं तेही वाचलं.

फेलिसा हसत होती. बंदरापर्यंत हसत होती. मग ते झोपेचं वाक्य तिच्या कानात राहिलं आणि हसू तोंडावरच वाळलं.

पुढे निघून गेला. म्हणजे कोणी आलंच नाही. कोणी दार ढकललं नाही, ताटात रक्त पडलं नाही, लायकानं काही पाहिलं नाही. ते दोघं कुठंतरी असतील. घरदार असेल, बायका असतील. बायका फोनवर वाचतही असतील. आज दुपारी त्यांतली एक नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवेल आणि तोही म्हणेल, चांगला शेवट केला. तोही निवांत झोपेल. कागदानं म्हटलं, फुफ्फुसांनी मारला. गोष्टीनं म्हटलं, कोणीच नाही मारला. आणि दोन्ही वेळा हे मागून घेणारी बाई एकच होती. तिला स्वतःची अशी किळस आली, की कोळंबीची टोपली बाजूला सारून तिनं तोंडाला पदर लावावा तसा झग्याचा काठ लावला.

"आनंदानं रडतेय बघा," बेबांग म्हणाली.

घरामागं खुराड्यात कोंबडी होती. चार वर्षांत फेलिसानं ती कापली नव्हती, घरात मिठाशिवाय काही नसायचं तेव्हाही नाही. अंडीसुद्धा शेजारी वाटायची, स्वतः खायची नाही. ही कोंबडी कुठली, हे गल्लीला ठाऊक होतं. विचारलं कोणी नव्हतं. फेलिसानं तिला काखेत धरलं, मूठभर मका खिशात टाकला आणि भर दुपारी गल्लीतून चालू लागली. पत्ते खेळणाऱ्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा पानांत डोकं घातलं. तिची भीती गेली होती असं कोणी समजू नये.

दफनभूमीत थडगी एकावर एक रचलेली, धान्याच्या कोठारातल्या फळ्यांसारखी. भाडं थकलं की हाडं गोणीत जातात. वेंडेलचा कप्पा तिच्या छातीच्या उंचीवर होता. समोरच्या अरुंद कट्ट्यावर तिनं मका पसरला आणि कोंबडी ठेवली. कोंबडी आधी बावरली. मग टिपायला लागली.

मेणबत्त्यांचं मेण खरवडणारा म्हातारा इदोंग हात थांबवून पाहत होता. "अगं बाई," तो म्हणाला, "पिल्लू ठेवतात पिल्लू, आणि तेही पेटी घरात असताना. आता एवढी थोराड कोंबडी आणून काय उपयोग?"

"ठेवलं तेव्हा पिल्लूच होतं, काका," फेलिसा म्हणाली. "मीच उचललं."

शेजारच्या कप्प्यापाशी फुलं घेऊन आलेली दोन माणसं थांबली, कोंबडीकडं पाहिलं, दगडावरचं नाव वाचलं. त्यांतल्या एकानं टोपी काढली. दुसऱ्यानं त्याची बाही ओढली आणि ती दोघं घाईनं निघून गेली. आता संध्याकाळपर्यंत हे धक्क्यावर पोचणार होतं, आणि जिथं पोचू नये तिथंही.

फेलिसानं फोन काढला. पलीकडं क्रिझेल झोपेतून उठली होती. "वाचलंत का, मावशी? आवडलं ना?"

"छान लिहिलंस. तो बोटीवर शोभला."

"मग रडताय का?"

फेलिसानं डोळे पुसले. कोंबडी दगडावर चोच मारत होती, टक, टक, आणि तो आवाज क्रिझेललाही ऐकू जात असावा, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

"क्रिझेल, ती मोटारसायकल पुढे जाऊ देऊ नकोस."

"मावशी... मग तो..."

"ठाऊक आहे मला. आमच्या दाराशी थांबव तिला."