पाठमोरी चढणारी मोटार

"चढली! आई चढवून राहिली रे!"

१९७४ सालचा उन्हाळा. नाकाडोंगरीपलीकडच्या घाटीवर दोन-तीनशे माणसे ओरडत होती. चाळीस वर्षांची एक काळी मोटार धूर ओकत, चक्क पाठमोरी, चढण चढत होती. वरच्या अंगाला, घाटीतल्या देवीचा भगत गोमाजीबाबा मोरपिसांचा कुंचा हलवत तिला बोलावत होता.

"आईले तोंड दाखवाल तं गाडी बंद! पाठ करा, शरण या! अर्धे लोक खाली उतरा, पायी चाला! हे पेट्रोलनं नाई चालत, भक्तीनं चालते!"

सरळ आणली की मोटार अर्ध्या चढावर दम तोडायची. उलटी केली की चढायची. हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. मग नारळ फुटत, कोंबड्या बाबाच्या झोळीत जात.

गर्दीत तेजराम उभा होता. खाणीच्या वर्कशॉपातला मिस्त्री. त्याला पाहताक्षणी सगळे कळले, कारण मोटार त्याच्या हाताखालून गेली होती. दोन वर्षांपूर्वी आंधळगावच्या भय्याजींनी ती वरातींसाठी घेतली. सपाट रस्त्यावर पळाली पाहिजे, म्हणाले. तेजरामने मागच्या आसातला दातेरी चाकांचा डोंगरी जोड काढून पळणारा जोड बसवला. पुढे वरातींचे काम आटले आणि भय्याजींनी तीच मोटार घाटीच्या वाटेवर प्रवासी न्यायला लावली. जोड बदलायचे त्यांच्या ध्यानात आले नाही. गोमाजीला मात्र मर्म ठाऊक होते. बाबा होण्याआधी सात वर्षे तो ट्रक चालवत होता.

तेजराम हसला आणि गप्प बसला. आपण बौद्ध, यांच्या देवीबद्दल बोललो तर भांडण व्हायचे. आणि यात कोणाचे काय बिघडते?

पंधरा दिवसांनी बिघडले. पाठमोरी चढताना मोटार वळणावरून घसरली आणि गडगडत नाल्यात तोंडावर आपटली. मागची काच धुळीने माखलेली, ड्रायव्हर डोमा खिडकीतून मागे वळून निव्वळ बाबाच्या कुंच्याकडे पाहून चालवत होता. स्टिअरिंग छातीत घुसून तो जागीच मेला. शेजारी बसलेली त्याची बायको तुळसा वाचली.

"गाडीत विटाळशी बाई होती!" बाबाने काठावरूनच ओरडून सांगितले. "तिनं लपवलं, आईनं नवरा नेला!"

डोमाची आई चंद्रभागाबाई हिने तेरावे व्हायच्या आत सुनेला घराबाहेर काढले. तुळसाला विहिरीवर कोणी पाणी भरू देईना. ती गावाबाहेरच्या पडक्या गोठ्यात राहू लागली.

भय्याजींनी मोटार दुरुस्तीला बोलावले तेव्हा तेजरामला हे समजले. दुसऱ्या दिवशी तो जुना डोंगरी जोड पोत्यात घालून आला. मोटार चालती केली, पण जोड बदलला नाही. बाजाराच्या दिवशी त्याने घाटीखाली गाव जमवले, आणि स्वतः जाऊन तुळसाला घेऊन आला.

त्याने चाकावर खडूची रेघ मारली. "गिअर मोकळा आहे. हळू ढकला. चाकाचा एक फेरा होईस्तोवर खालचा, इंजिनाकडून मागच्या आसाकडे जाणारा दांडा कितीदा फिरते, ते मोजा. चंद्रभागाबाई, तुमी मोजा."

म्हातारीने वाकून मोजले. तीन फेरे पुरे झाले, चौथा राहिला.

मग सगळ्यांसमोर त्याने जोड बदलला. दुपार गेली, पण कोणी उठले नाही. म्हातारीने पुन्हा मोजले. आता चार पुरे झाले, वर आणखी अर्ध्याहून जास्त.

"इंजिन तेच," तेजराम म्हणाला. "पण आता दांड्याचे फेरे वाढले, म्हंजे चाक हळू झालं. चाक हळू फिरवलं का जोर वाढते. मी पळणारा जोड लावला, म्हणून चढावर दम तुटे. मागं जायचा गिअर सगळ्यात हळू, सगळ्यात जोरदार, म्हणून उलटी चढे. वरून अर्धी माणसं उतरवली का ओझंही अर्धं."

"आईचा कोप होईल!" बाबा गरजला.

तेजरामने मोटार माणसांनी गच्च भरली. तुळसा पुढे बसली. मोटार सरळ तोंडाने, एका दमात घाटी चढली.

ती खाली आली तेव्हा बाबा झोळी टाकून केव्हाच पसार झाला होता.

"मले पहिल्या दिवशीच समजलं होतं," तेजरामची मान खाली गेली. "मी बोललो अस्तो तं डोमा जिता राहता."

चंद्रभागाबाईने सुनेचा हात धरला. "चाल पोरी, घरी चाल."

तुळसाने हात सोडवला.

"मले त्या दिवशी विटाळ नव्हता. अस्ता तरी गाडीच्या दात्यांले काय समजते? पण तुमी एकानंही विचारलं नाई. बाबानं म्हटलं, तुमी मानलं. आता मिस्त्री म्हणते म्हणूनही मानू नोका. पाहा, मोजा, विचारा. माणूस मरायच्या आधी विचारा."

एवढे बोलून ती माहेरच्या वाटेने एकटीच निघून गेली.