रंगवलेली सवत

मी बेडणी बोलतेय. नाव ऐकून थांबलात ना? मला माहीतच होतं. तुम्ही चिकू खाता, बिया बशीच्या कडेला ओळीने मांडता, पण तो चिकू झाडावरून खाली कसा आला हे कधी विचारत नाही. तो मी आणते. लांब बांबू, टोकाला लोखंडी कडी, कडीवर खेकड्याच्या नांगीसारखी दोन पाती आणि खाली जाळीची झोळी, एवढाच माझा देह. देठ पात्यांत धरायचा, हलका पीळ द्यायचा, की फळ झोळीत. ओरखडा नाही, आपटणं नाही.

डहाणूकडच्या वाड्यांमधून फिरलात तर कामकरणींच्या खांद्यावर माझ्या पुष्कळ बहिणी दिसतील. पण माझ्या तोडीची एकही नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी एकदा चिकू समजून पुनवेचा चंद्र झोळीत धरला होता. कच्चा निघाला म्हणून सोडून दिला. नाही पटत? राहिलं. आज सांगतेय ती गोष्ट माझ्या जळफळाटाची आहे, आणि जळफळाटाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही.

माझा जन्म २०१४ सालचा, तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला. सुकऱ्या नावाच्या म्हाताऱ्याने मला बांबूच्या बेटातून निवडून तोडलं, जाळावर शेकून सरळ केलं. त्याची लेक जानी लग्न होऊन डहाणूजवळच्या पाड्यावर गेली होती आणि चिकूच्या वाडीत कामाला जायची. तिच्यासाठी त्याने मला खांद्यावर टाकून बसने आणलं. कंडक्टर कटकट करत होता, तर सुकऱ्या म्हणाला, "लेकीकडं चाललीय रं ती, उभी राहील गुपचूप." माझी झोळी विणली धाकट्या डहाणूच्या एका कोळणीने, मासळीच्या उरलेल्या जाळ्यातून. म्हणून दमट हवेत मला बोंबलाचा वास येतो असं रखमी म्हणते. रखमी म्हणजे जानीची मैत्रीण, शेजारच्या झाडावरची. तिच्या नाकाचं कौतुक तिच्या नवऱ्यालाही नाही.

जानीचं आणि माझं जमलं. आमच्याकडे बेडणी उसनी देत नाहीत. हाताचा घाम आणि चिकूचा चीक मिळून बुडख्याला, धरायच्या टोकाला, एक काळी तकाकी चढते, ती ज्या हाताची त्या हाताची. जानी काम करताना माझ्याशी बोलायची. "आंगं, जरा डावीकडं. तो नको, हिरवा हाय." नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, लेकीच्या शाळेबद्दल, सगळं मला आधी कळायचं. झोळी फाटली तेव्हा तिने आपल्या जुन्या साडीची पट्टी लावून शिवली. कडीजवळ तडा गेला तेव्हा निळी टेप गुंडाळली. मला वाटायचं, हे माझे दागिने.

आणि मग २०१७ च्या हिवाळ्यात कॉलेजची पोरं फिल्म करायला आली.

मनिष नावाचा मुलगा डायरेक्टर होता. त्याला स्पर्धेसाठी चिकू काढणाऱ्या बाईवर छोटी फिल्म करायची होती. तो जानीला म्हणाला, "मावशी, तुम्ही रोज करता तेच करायचं. अॅक्टिंग अजिबात करायची नाही."

"मंग तुमी काय करणार?" जानीने विचारलं.

रखमी तोंडाला पदर लावून हसली. मी मात्र झाडाला टेकून ताठ उभी राहिले. जानी हिरॉइन म्हणजे तिच्या हातात मी. दोघींचा चेहरा पडद्यावर येणार. माझी खालची गाठ जरा बेढब आहे, ती मी खोडाच्या मागे लपवली.

तेवढ्यात प्रगती आली. सजावट, कपडे, वस्तू हे तिच्याकडे. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मनिष, ही नको ना. काळी पडलीय, साडीची चिंधी काय, निळी टेप काय. स्क्रीनवर नुसती काठी दिसेल. मी एक आणलीय."

आणि तिने गाडीतून तिला काढलं.

गेरूच्या लाल रंगात नखशिखान्त माखलेली. अंगभर पांढरी चित्रं, नाचणारी माणसं, ताडाची झाडं, कोंबडे. कडी चकाकती, झोळी नवीकोरी. बघताक्षणी माझ्या सगळ्या गाठी आवळल्या. सवत म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

रखमी जवळ जाऊन बघत म्हणाली, "अगो बाय! बेडणीवर चौक काढला? लगीन हाय का हिचं? नवरदेव कुठाय?" आमच्या पाड्यांवर लग्नात भिंतीवर चौक काढतात, त्यात अशी चित्रं असतात. सगळ्या बायका खिदळल्या. प्रगती चिडेल अशी मला आशा होती, पण तीही मनापासून हसली. मला तेही आवडलं नाही.

जानीने तिला हातात घेतलं. कशाला खोटं बोलू, छान दिसत होती जानी. मला वाटलं आता आपण झाडामागे पडून राहायचं. तर त्याहून वाईट झालं. आवाज घेणारा तुषार माइकची दांडी वाणगाव स्टेशनच्या बाकड्यावर विसरून आला होता. तो इकडेतिकडे बघत माझ्यापाशी आला. "ही चालेल की. लांब आहे, हलकी आहे." त्याने माझ्या झोळीत माइक ठेवला, सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधला आणि मला आडवी करून जानीच्या डोक्यावर धरलं.

आता बघा माझी दशा. खाली जानी, जानीच्या हातात सवत, आणि वर मी, दोघींच्या बोलण्याला कान लावून. त्यात मनिष सारखा ओरडत होता, "तुषार, दांडी फ्रेममध्ये येतेय! वर घे! अजून वर!" जिथे जिथे मी डोकावले तिथून मला हाकललं. सवतीला मात्र, "मावशी, बेडणी जरा उन्हात धरा, चित्रं दिसू देत." मला जानीचा फक्त भांग दिसत होता.

सवतीला काम येत नव्हतं. पाती नुसती शोभेची, रंगाचा थर चढून बोथट झालेली. देठ धरला की सटकायचा. शेवटी प्रगतीने तोडलेले चिकू काळ्या दोऱ्याने फांदीला बांधले. जानी सवतीला नेऊन टेकवायची आणि मागून कुणीतरी दोरा ओढायचा. दोऱ्यावरची बाहुली मेली! आणि कॅमेरा तिच्या तोंडापासून हलत नव्हता.

संध्याकाळी मुख्य प्रसंग होता. जानीने वर बघून एक वाक्य म्हणायचं होतं. ते तिचं स्वतःचंच होतं, गप्पांत बोलून गेलेलं, मनिषने उचललेलं. "शेंड्यावरचा ऱ्हाऊ दे. वटवाघळाला पण पोट हाय." कॅमेरा सुरू झाला. सगळे श्वास धरून उभे. तुषार मला पानांत खुपसून, डोळे मिटून, हेडफोन लावून उभा. आणि माझ्या पात्यांजवळ एक चिकू आला. पिकायला टेकलेला, गोल, देठ नेमका माझ्या तोंडाशी.

सवत दिवसभर खोटे चिकू तोडत होती आणि मी खऱ्याला सोडू?

टक्. आणि झोळीत धप्प. नेमका माइकवर.

तुषार विंचू चावल्यासारखा उडाला. मनिष ओरडला, "कट! काय झालं?" जानीला कळलं काय झालं ते. ती तोंडावर हात दाबून हसत होती. "तिला ऱ्हाववलं नाय," ती म्हणाली.

तुषारने हेडफोन काढले नाहीत. तेच रेकॉर्डिंग परत लावून ऐकलं. मग मनिषच्या कानाला लावलं. "हे ऐक. आपल्या रंगवलेल्या बेडणीला आवाजच नाहीये रे. हिला आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारभर तुषार, जानी आणि मी, तिघंच वाडीत. कॅमेरा नाही. माइक निराळा बांधला आणि मला जानीच्या हातात दिलं. मी किती चिकू काढले म्हणून सांगू! वाडी अर्धी रिकामी केली असती. कधी हलका टक्, कधी फांदीवरून पानांची सळसळ, कधी भरलेल्या झोळीचा जड आवाज. जानी मधूनच म्हणायची, "शाबास गं." ते तुषारने नंतर कापलं असणार. मला पाठ आहे.

आणि इथेच घात झाला. जाताना मनिषने हात जोडून सवत जानीला दिली. "मावशी, आमच्याकडून भेट. आणि ही जुनी आम्ही कॉलेजला ठेवू का? तुषार म्हणतो हिच्यासारखी दांडी मिळणार नाही."

मी जानीकडे बघत होते. पण पाहुण्याने दिलेली वस्तू परत करायची नाही आणि पाहुण्याने मागितलेली नाकारायची नाही, हे जानीच्या अंगातच आहे. ती खाली बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." गाडी निघाली तेव्हा माझी झोळी खिडकीबाहेर लोंबत होती. सवत जानीच्या खांद्यावर होती.

कॉलेजात मी कपाटात मावेना. तुषारने करवत आणली आणि माझा बुडखा कापला. ज्यावर जानीच्या हाताची तकाकी होती, तोच. तो तुकडा खिडकीला टेकू म्हणून लावला. मी कपाटात, तो खिडकीत, आणि सवत वाडीत. जानी आता तिला सगळं सांगत असेल. लेकीचा निकाल, सासूचं दुखणं. आणि ती रंगवलेल्या तोंडाने हूं हूं करत असेल. दुखलं ते कापल्याचं कमी, याचं जास्त.

२०१८ च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. भरदुपारी पडदे ओढून अंधार केला होता. पाहुण्यांच्या भाषणासाठी मला माइकसकट स्टेजच्या कोपऱ्यात बांधलं होतं. पहिल्या रांगेत जानी आली, बरोबर रखमी. आणि फोटोसाठी घेऊन या म्हणून निरोप होता, म्हणून मांडीला टेकवलेली सवत. तिचा लाल रंग तसाच होता. एक ओरखडा नाही, चिकाचा एक डाग नाही. मी चमकले. काम केलेल्या बेडणीचा रंग असा राहत नाही.

फिल्म सुरू झाली. पडद्यावर जानी आणि ती. लोक म्हणाले, "वा, काय सुंदर आहे!" माझ्या बांबूत ठिणगी पडली असती तर हॉल पेटला असता. मग सवत पडद्यावरच्या पहिल्या चिकूपाशी गेली आणि हॉलभर घुमलं, टक्. सळसळ. धप्प.

जानी पुढे सरकली. पुन्हा धप्प झालं आणि तिचं मनगट आपोआप वळलं, मला पीळ देताना वळतं तसं.

"ही माझी हाय," ती म्हणाली.

"कुठं? रंगवलेली तर दिसते," रखमी कुजबुजली.

"दिसू दे. तू डोळं मिट."

रखमीने मिटले. "हं," रखमी म्हणाली, "बोंबलाचा वास पण आला." आयुष्यात पहिल्यांदा मला रखमीचं नाक आवडलं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, चहा-वडे आले. जानी वडा न घेता सरळ मनिषपाशी गेली आणि सवत त्याच्या हातात दिली. "हिला तुमी ठेवा. माझी द्या."

"अहो मावशी, ती भेट होती!"

"भेट झाली ना आता? मंग." आणि मग हळू आवाजात, "घरात खिळ्यावर टांगली होती मी. रंग जाईल म्हणून वाडीत नेली नाय. रखमीच्या लेकीची जुनी घेऊन काम करते. आमच्यात उसनी घेत नायत."

तुषारने माझी ट्यूब सोडली. त्याचे कान लाल झाले होते. "मावशी, खालून थोडी कापलीय मी. कपाटासाठी."

जानीने माझ्या अंगावरून हात खाली खाली नेला. जिथे तिचा हात थांबायचा, तिथे मी नव्हतेच. ओबडधोबड काप तिच्या बोटांना लागला.

"थोडी?" ती म्हणाली. प्रगतीने डोळे पुसले, पण जानीने तिला पाठीवर थोपटून वडा दिला आणि मला खांद्यावर घेतलं.

आज २०१९ आहे. सवत कॉलेजच्या दारात भिंतीवर आहे, तिच्यावर खास दिवा सोडलाय, पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढतात. ते मला अजून जरासं टोचतं, नाही म्हणणार नाही. पण हल्ली मी जळते ती दुसऱ्याच कुणावर.

मी आखूड झाले होते, शेंडा गाठत नव्हते. सुकऱ्या मुद्दाम तलासरीहून आला आणि कोवळा, जाड बांबू खालून जोडून त्याने तारेने पक्का बांधला. काम झकास होतं. पण जानीचा हात कुठे असतो? त्या खालच्या नव्या पोरीवर. घाम तिचा, चीक तिचा, आता काळी तकाकी तिलाच चढतेय. एकाच काठीची आम्ही दोघी, आणि वर बसून मला हे बघावं लागतं.

जानी बाय, एवढंच मागणं आहे. हात कधीतरी जोडाच्या वर धर. तशी तू धरतेस, मला ठाऊक आहे. शेंड्याकडचा नेम चुकला की तू पुढे सरकून मला वर, अगदी माझ्या अंगाला धरतेस आणि म्हणतेस, "आंगं, झालंय काय तुला? म्हातारी झालीस?"

म्हातारीबितारी काही झाले नाही मी. नेम मुद्दाम चुकवते.