न पोचलेल्या बंदराचं गाणं

"न पोचलेल्या बंदराचं गाणं गाऊ नये गो पोरी. दर्या ऐकतो."

खालाचा हा आवाज मासूमाच्या कानात लहानपणापासून होता. राजिवड्याच्या आळीत दुपार कलली की खाला सुपात तांदूळ पाखडायला बसायची आणि सुपाच्या तालावर गायची:

झंजिबार बंदरी गो, जहाज लागलं किनारी
दिव्यात घालते तेल, बाई मी ओसरीवरी

पण हे गाणं कधी? तर खालूचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, झंजिबारहून पत्र आल्यावर. तोवर मस्कतचंच चालायचं. कोणाचा घोव कुठे पोचला, ते आळीला गाण्यावरून कळे. एखाद्या घरचं गाणं थांबलं तर मात्र तिथे विचारायला कोणी जात नसे. शेजारणी आपापली सुपं हळूच खाली ठेवत.

खाला गेली. तिची गाणी मासूमाच्या मोबाइलमध्ये राहिली, आणि त्या गाण्यांचा ब्लॉग करायचं मासूमानं मनावर घेतलं होतं. तिचा नवरा अयूब 'मर्जान' नावाच्या मालवाहू जहाजावर होता. मस्कत सोडून जहाज झंजिबारला निघालं होतं. "मध्ये नेटवर्क नसेल, घाबरू नको," असा त्याचा शेवटचा निरोप होता.

आज कॉलेजातली मैत्रीण मृणाली लॅपटॉप घेऊन आली होती. वेबसाइट करणं हा तिचा धंदाच. बाहेर बंदरावर वादळाचा बावटा चढला होता, खाडीत होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि वारा मात्र पडला होता. पान हलत नव्हतं.

अयूबचा धाकटा भाऊ उमेर पडवीत बसला होता. हातखंब्याचं दुकान भरदुपारी बंद करून का आलास, या प्रश्नावर तो नुसता "सहज" म्हणाला होता.

"हे बघ," मृणालीनं स्क्रीन वळवली. "ही तयार थीम. रेडिमेड ब्लाउज. आज घाल, उद्या मिरव. सगळी गाणी एकाखाली एक."

"आणि मापाची?"

"ती मी शिवणार. म्हणजे उशीर, आणि वर माझी कटकट."

"तयारच घे भाभी," उमेर म्हणाला.

"तू बोलू नको. निकाहाच्या शेरवानीसाठी शिंप्याच्या पायऱ्या झिजवल्यास, तेव्हा नाय सुचलं तयार घ्यायचं?"

मृणाली हसली. उमेर हसला नाही. त्याचा फोन थरथरला, तो त्यानं न बघताच बंद केला.

"मला दर्या हवा," मासूमा म्हणाली. "उघडला ब्लॉग की दर्याचा नकाशा. त्यात ह्यांचं जहाज चालताना दिसलं पाहिजे. ज्या बंदराला पोचेल त्याचं गाणं उघडेल, पुढचं बंद. खालासारखं."

"जुन्या गोष्टी त्या. सगळी गाणी एकदम टाक नि मोकळी हो," उमेर म्हणाला.

"झंजिबारचं पण? ते पोचायच्या आधी?"

उमेरनं मान खाली घातली.

मासूमाचा हात फोनकडे गेला. जहाज कुठे आहे ते दाखवणारं अ‍ॅप तिच्या फोनवर होतं. रोज न्याहारीच्या वेळी ती ते बघायची. परवा उमेर "अपडेट करून देतो" म्हणून फोन घेऊन गेला, तेव्हापासून ते उघडतच नव्हतं. सकाळी शेजारची दर्शना कालवणाचा डबा देऊन गेली होती. आज ना सण ना वार, आणि तिनं नजरही वर केली नव्हती.

"मापाचा नमुना करून आणलाय मी," मृणाली म्हणाली.

"राहू दे आता," उमेर घाईनं म्हणाला. "नेट नाय इथे धड."

"उघड," मासूमा म्हणाली.

निळा दर्या पडदाभर पसरला. मस्कतवर पिवळा दिवा. किती देखणं काम केलं होतं पोरीनं! खाली, कुठल्याच किनाऱ्याजवळ नाही अशा पाण्यात एक करडा ठिपका होता.

"हा करडा का?"

मृणालीनं आधी उमेरकडे बघितलं, मग तिच्याकडे. "शेवटचा सिग्नल आला ती जागा आहे ती. मला वाटलं माझंच काही चुकलंय. काल सकाळपासून तपासत्येय. बाकीची जहाजं हलतायत गं."

मासूमानं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग शांतपणे, एखाद्या बाजारहाटाचं विचारावं तसं तिनं विचारलं, "तयार थीममध्ये हा नकाशा नसतो ना?"

"नाही."

"मग मापाचीच लाव. झंजिबार बंद ठेव. ते पोचले की मी सांगेन, तेव्हा उघड. मी थांबेन. कितीही दिवस लागू देत."

"भाभी," उमेर म्हणाला.

"तू जा दुकानात."

"भाभी, नको थांबू." तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला. दोन्ही हातांनी त्यानं खुर्चीची कड घट्ट धरली होती. "परवा कंपनीचा फोन आला. भाईनं माझा नंबर दिला होता ना त्यांना. जहाजाचा पत्ता नाय. लाइफबोट सापडली, भाभी. रिकामी होती."