वाळूने माखलेले हात

बहावा फुलला होता. पानं गळालेल्या फांदीफांदीवरून सुवर्णघोस लोंबत होते, आणि चैत्राच्या शुभ्र, तप्त उन्हात मून नदीकाठचं ते थाई खेडं त्या घोसांच्या पिवळ्या उजेडात न्हात होतं. सूर्य मेषेत शिरला होता. सोंगक्रान आला होता. जुनं वर्ष धुऊन टाकायचा सण.

विहाराच्या अंगणात म्हातारा सोमबात नातीला, पिमला, वाळूचा स्तूप रचायला शिकवत होता. “वर्षभर आपल्या पावलांना चिकटून विहाराची माती बाहेर जाते, पोरी. ती आज परत आणून द्यायची. दाबू नकोस. थोपट. निजलेल्या बाळाला थोपटतात तशी.”

पिम थोपटत होती. पलीकडे तिची आई उभी होती. विलाई, सोमबातची एकुलती लेक. तिच्याकडे तो पाहत नव्हता. गेल्या पावसाळ्यात त्याची बायको वारली, आणि विलाई शहरातून पोचली तेव्हा आईची चिता विझली होती. तेव्हापासून बाप लेकीशी बोलला नव्हता.

घंटा झाली. चटईवर गावचे वडीलधारे ओळीने बसले, त्यांत सोमबातही. शुभ्रकेशी, सुरकुतलेले, शांत. ओंजळी पुढे आल्या. धाकट्यांनी त्यांवर मोगऱ्याचं पाणी घालायचं, क्षमा मागायची. थोरांनी ओल्या हाताने माथ्याला स्पर्श करायचा. हात पुढे आले नाहीत, तर क्षमाही नाही.

विलाई गुडघ्यांवर सरकत बापासमोर आली. तिने वाटी पुढे धरली; पाण्यावर पाकळ्या तरंगत होत्या.

सोमबातचे हात मांडीवरच राहिले.

“काय रे, हात घरी विसरलास?” शेजारची बुनमी म्हातारी म्हणाली. “पोरीचे गुडघे सोलले की!”

ओळ हसली. तो हसला नाही.

“हात वाळूने भरलेत,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

विलाई आणखी पुढे सरकली. मग हलकेच म्हणाली, “धुऊन देते ना, बाबा.”

तिने त्याचं मनगट धरलं. ते मागे गेलं नाही. बारीक धार सुटली. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, हातावरच्या जुन्या भेगांतून वाळू निघत राहिली, आणि ती धूत राहिली.

“तुझी आई रागावली असती,” तो म्हणाला. “असे हात घेऊन बसलो म्हणून.”

“हो, बाबा.”

ओला हात उठला, अधांतरी थांबला, आणि तिच्या केसांवर टेकला. कपाळावरून, भुवयांवरून, गालांवरून पाणी उतरत राहिलं; मोगऱ्याचं, मातीचं, डोळ्यांचं; थेंबामागून थेंब, थेंबामागून थेंब.